जुन्या मुंबईची पिक्चर पोस्टकार्डं (1900 ते 1930) कुठून घ्यावीत? सल्ला हवाय

गिरगावची_लेक
बाबांचं पंच्याहत्तरावं येतंय डिसेंबरात. समारंभ नको, शर्ट आणला तर घडी न मोडता कपाटात जातो. त्यांचं लहानपण ठाकूरद्वारच्या चाळीत गेलंय आणि ट्रामचा विषय निघाला की माणूस तासभर थांबत नाही, म्हणून डोक्यात आलं की ब्रिटिश काळातली मुंबईची सात-आठ पोस्टकार्डं जमवून फ्रेम करून द्यावीत. ऑनलाइन बघायला गेले तर प्रत्येक जण "रेअर, 1890, ओरिजिनल" लिहितोय, किंमत दोनशेपासून चार हजारपर्यंत काहीही. खरं-खोटं कसं ओळखायचं? कुठून घ्यायचं? बजेट पाचेक हजार. फ्रेमवाला चांगला कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

तिकीटवेडा
ताई, आधी एक लक्षात घ्या, व्हीटी, राजाबाई टॉवर, म्युनिसिपालिटीची बिल्डिंग यांची कार्डं त्या काळात धो-धो छापली गेली, ती रेअर अजिबात नाहीत, त्यामुळे त्यांना हजारो रुपये मोजू नका. साहेब लोक बोटीतून उतरले की हीच घेऊन विलायतेला पाठवायचे. म्हणूनच आज चांगला माल इंग्लंडात जास्त सापडतो, ईबे आणि डेलकँप (जुनी तिकिटं-पोस्टकार्डं विकणारी साइट) दोन्हीकडे तिकडचे सेलर बघा. आणि सर्चमध्ये मुंबई टाकून काही हाती लागणार नाही, इंग्रजीत बॉम्बे टाका, गिरगावसाठी गिरगाम असं जुनं स्पेलिंग.

वय ओळखायला पाठ बघायची. पाठीवर मधोमध रेघ असेल, म्हणजे डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, तर कार्ड 1902 नंतरचं, कारण ती पद्धत आधी ब्रिटनने त्या वर्षी सुरू केली आणि बाकीचे देश पुढच्या चार-पाच वर्षांत तिच्यावर आले. रेघ नसेल तर साधारण त्याआधीचं. त्यात मागे फक्त पत्ता लिहायचा, म्हणून लोकांनी "आम्ही सुखरूप पोचलो" वगैरे चित्राच्याच कडेला बारीक अक्षरात कोंबलेलं असतं. मला तर कोऱ्यापेक्षा अशी लिहिलेलीच आवडतात. तिकीट असेल तर अजून सोपं, सातवा एडवर्ड असेल तर 1902 ते 1911च्या आसपासचं, पंचम जॉर्ज असेल तर त्यानंतरचं, आणि शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर विषयच संपला.

आजोबांची_ट्रंक
पाठ हवीच, पण समोरचं चित्रही वय सांगतं.
ट्रामला घोडे जुंपलेले असतील तर फोटो जुना, घोड्यांची ट्राम 1874 ला सुरू झाली. वर तारा आणि विजेची ट्राम असेल तर मे 1907 नंतरचा, डबल डेकर ट्राम 1920 पासून. ताज दिसतंय पण समोर गेटवे नाही, तर 1903 ते 1924 मधलं. गेटवेचा पाया 1911 ला घातला पण उद्घाटन व्हायला डिसेंबर 1924 उजाडला. क्वीन्स रोडला (आताचा महर्षी कर्वे रोड) लागून रेल्वे आणि रेल्वेला लागून थेट समुद्र असेल तर मरीन ड्राइव्हच्या आधीचं.
आणि काळा घोडा घ्याच! घोड्यावर बसलेला एडवर्ड 1965 ला तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, तुमच्या बाबांनी तो मूळ जागेवर नक्की बघितलेला असणार.
फक्त एक, फोटो आधी काढलेला आणि कार्ड नंतर वर्षानुवर्षं छापलेलं असंही व्हायचं, त्यामुळे चित्रावरून "याच्या आधीचं नाही" एवढंच ठरतं.

कोथरूडकर
पुण्याच्या जुन्या बाजारात जा, रविवारी आणि बुधवारी भरतो. मला तिथे ढिगात एकदम छान कार्डं मिळालीयेत. मुंबईत चोर बाजार आहेच, मटन स्ट्रीट.

तिकीटवेडा
@कोथरूडकर चोर बाजारात आता पोस्टकार्डांपेक्षा पोस्टकार्डांचे रिप्रिंट जास्त आहेत राव, चहात बुडवून पिवळे केलेले. जा, पण सोबत भिंग घेऊन जा. मला एका दुकानदाराने गेटवेचं कार्ड "1905चं आहे" म्हणून ठासून सांगितलंय.

कोथरूडकर
हा हा. पण हातात घेऊन बघता येतं ही गोष्ट आहेच ना, ऑनलाइन काय कळणार.

बे_एरिया_बंड्या
भिंगाचा मुद्दा बरोबर. 10x वालं भिंग दोन-तीनशेत मिळतं. जुनं छापील कार्ड बरेचदा कॉलोटाइप नावाच्या छपाईचं असतं, त्यात ठिपके नसतात, वाळूसारखा वेडावाकडा कण दिसतो. रंगीत रिप्रिंटमध्ये निळे, गुलाबी, पिवळे ठिपके रांगेत दिसतात किंवा इंकजेटचा फवारा दिसतो. (जुन्यातही ठिपकेवाली छपाई होती, त्यामुळे ठिपके दिसले की लगेच खोटं म्हणू नका, कागदही बघा.) कागदासाठी नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, अंधारात मारला आणि कार्ड निळसर पांढरं चमकलं तर कागद दुसऱ्या महायुद्धानंतरचा, कारण ती चमक आणणारी रसायनं कागदात तेव्हापासून घालायला लागले. साइझ मोजा, साधारण साडेपाच बाय साडेतीन इंच. सहा बाय चार असेल तर परत द्या.

रंगावर मात्र जाऊ नका. पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून यायची, मूळ फोटो काळा-पांढरा आणि रंग भरणाऱ्याने मुंबई बघितलेली नसायची, त्यामुळे आपलं आकाश जांभळं आणि नारळ भलत्याच हिरव्या रंगाचे. नावं बघायची तर क्लिफ्टन अँड कंपनी मुंबईचेच, आणि लंडनचे राफाएल टक. टकची तैलचित्रासारखी छपाई असलेली सिरीज फ्रेममध्ये झकास दिसते.

गिरगावची_लेक
बापरे, किती माहिती. सगळ्यांना थँक्यू! पण गिरगावचं, आतल्या गल्ल्यांचं काहीच दिसत नाहीये, सगळं फोर्ट आणि मलबार हिल.

आजोबांची_ट्रंक
नाहीच मिळणार सहज. कॅमेरेवाले फोर्टात फिरायचे, कारण गिऱ्हाईक तिथलं. आपल्या वस्त्या "नेटिव्ह टाउन" किंवा "नेटिव्ह क्वार्टर" अशा मथळ्याखाली येतात, तेच शब्द टाकून शोधा, काळबादेवी, भेंडी बाजार निघतील. बजेटमधले दोन हजार अशा एका कार्डासाठी राखून ठेवा आणि बाकीची स्वस्तातली घ्या, हे माझं मत. माणसांची चित्रं चालणार असतील तर धुरंधरांची बघा, जे जे स्कूलचे म. वि. धुरंधर. मुंबईतल्या लोकांच्या नकला काढल्यासारखी त्यांची कार्डं आहेत, अस्सल महाग पडतात पण बघून तरी घ्या.

मीनल_दादर
फ्रेमबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. ओरिजिनल फ्रेम करू नका प्लीज. आमच्याकडच्या फ्रेमवाल्याने आजीचं कार्ड मागून गोंदाने पुठ्ठ्याला डकवलं, मागचं आजोबांचं अक्षर गेलं ते गेलंच. 600 डीपीआयला स्कॅन करा, चांगल्या मॅट पेपरवर मोठी प्रिंट काढा, ती फ्रेम करा आणि अस्सल कार्डं अल्बममध्ये द्या. बाबांना मोठ्या प्रिंटमध्ये दुकानाच्या पाट्या वाचता येतील, साडेपाच इंचात त्या वयाला काय दिसणार. अल्बमचे कप्पे पीव्हीसीचे नकोत, काही वर्षांत चिकट होतात, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. लॅमिनेशनचं तर नावच नको. मुंबईची हवा आहे, सिलिका जेलच्या पुड्या टाका नाहीतर बुरशीचे तांबूस डाग पडतात आणि कसर लागते ती वेगळी.

गिरगावची_लेक
@मीनल ताई हे फार पटलं, प्रिंट फ्रेममध्ये आणि ओरिजिनल अल्बममध्ये, असंच करते. आता एक बघा, काळबादेवी रोडचं कार्ड मिळालंय, डिस्क्रिप्शनमध्ये "1890, व्हेरी रेअर", मध्ये ट्राम आहे, घोडे दिसत नाहीत, वर तारांसारखं काहीतरी आहे. अडीच हजार म्हणतोय. पाठीचा फोटो टाकलेला नाही. घेऊ?

तिकीटवेडा
तारा असतील तर 1890 बाद, 1907 नंतरचंच. पण तुमच्यासाठी तेच बरं ना, बाबांना विजेचीच ट्राम आठवत असणार. पाठीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मागवा, दिला तर बाराशेपासून सुरू करा. नाही दिला तर सोडून द्या, दुसरं मिळेल.

कोथरूडकर
+1. आणि मिळालं की स्कॅन इथे टाका, त्या पाट्या आम्हालाही वाचायच्यात.