मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या पॅरिशच्या जुन्या करवहीतल्या नोंदी कशा वाचायच्या?

मंडळी, मी सफोकमधल्या एका खेड्यात राहते. काउन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलात काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलीस यांच्याखाली पॅरिश काउन्सिलची किरकोळ रक्कम असते (पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला गाव). ही आली कुठून, म्हणून उकरायला घेतलं आणि पुरती अडकलेय.

एवढं कळलं की 1601 च्या कायद्याने आपापले गरीब पोसायची जबाबदारी पॅरिशवर टाकली. त्यासाठी पट्टी गोळा करून गरिबांना वाटणारे गावातलेच ओव्हरसियर, तेही बिनपगारी. रस्त्यांना तर चक्क वेठ: 1555 पासून वर्षाला 4 दिवस, पुढे 6.

दफ्तरखान्यात 1780 च्या सुमाराची ओव्हरसियरची वही पाहिली. ‘पौंडाला 6 पेन्स’ म्हणजे कशाच्या पौंडाला? एकच शेतकरी वर्षात तीनदा पैसे भरतोय, ही थकबाकी का? जमीनदाराचं नावच नाही, सगळी कुळंच. आणि एका विधवेला दुसऱ्या गावी पोचवायचा गाडीखर्च गरिबांच्या पैशातून कसा?

प्रतिसाद: पौंड वार्षिक भाड्याचा. घर-जमिनीला वर्षाला जेवढं भाडं येईल असं धरलं, त्यावर पट्टी. तेव्हाचा पौंड 240 पेन्सचा, म्हणजे 10 पौंडांच्या शेताला 60 पेन्स, 5 शिलिंग. थकबाकी नसावी. पैसा संपला की ओव्हरसियर नवी पट्टी बसवायचे, दोन जस्टिस ऑफ द पीसची (स्थानिक दंडाधिकाऱ्यांची) मंजुरी घेऊन. धान्य महागलं की पट्ट्या वाढायच्या. आणि भरायचं ते कसणाऱ्याने किंवा राहणाऱ्याने, मालकाने नव्हे. दशमांश घेणारा पाद्रीसुद्धा सुटत नसे!

विधवेचं कारण 1662 चा सेटलमेंट कायदा, म्हणजे कुणाला कुठल्या गावाने पोसायचं ते ठरवणारा. लग्न झालं की बाईचं गाव नवऱ्याचं, मग पोसायचं त्याच गावाने. गाडीभाडं एकदाच जातं, पोसायला लागलं तर वर्षानुवर्षं. हिशेब निष्ठुर, पण पक्का.

तुमच्या बिलाचं म्हणाल तर 1834 मध्ये गरिबांचं काम अनेक पॅरिश मिळून केलेल्या युनियनांकडे गेलं, पट्टी मात्र ओव्हरसियरच गोळा करत राहिले. 1894 मध्ये निवडून आलेल्या पॅरिश काउन्सिल आल्या, त्यांचाही खर्च याच गरीबपट्टीतून निघायचा. तेव्हा ती किरकोळ रक्कम या वहीच्याच घराण्यातली.

धागालेखिका: मनापासून आभार! कुळाचं कोडं सुटलं. आता चर्चवॉर्डनची (चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्याची) वही उघडलीय, तर तिथे मेलेल्या चिमण्यांचे डझनावारी पैसे दिलेत. हे काय प्रकरण?

प्रतिसाद: पिकं खातात म्हणून. उपद्रवी प्राणी-पक्षी मारल्याचे पैसे द्यायचा 1566 चा कायदा बघा, त्यात कोल्हे-साळिंदरं सापडतील… चुकलो, साळिंदर नव्हे, हेजहॉग.