सर्फिंग: उभं राहता आलं, पुढे काय? (अनुभव धागा)

खारा वारा

नमस्कार मंडळी. गोव्यातलं मांद्रे, कर्नाटकातलं मुल्की, केरळातलं वर्कला, श्रीलंकेतलं वेलिगामा अशा ठिकाणी जाऊन सर्फबोर्डवर उभे राहिलेले मराठी लोक आता बरेच भेटतात. उभं राहिल्याचा फोटो निघतो आणि बहुतेकांची गोष्ट तिथेच थांबते. मला त्याची हळहळ वाटते, कारण खरी मजा तिथून पुढे आहे. न फुटलेली लाट पकडायची, तिच्या अंगावरून आडवं जायचं, तळाशी उतरून वळायचं, परत वर चढायचं. या टप्प्यांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. तुम्ही कुठे अडलात, ती गाठ कशी सुटली, ते सविस्तर लिहा. नवशिके, मुरलेले, सगळ्यांचं स्वागत.

सुरुवात मी करतो. मी मांद्र्याला शिकलो. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे शिकवणी साधारण ऑक्टोबर ते मे. तळ वाळूचा, लाट बहुधा कमरेच्या आतली. आठ-नऊ फुटी मऊ फोमचा बोर्ड देतात. तो एवढा मोठा का, असं सगळ्यांना वाटतं, पण लांबी-रुंदीमुळेच तो फेसाच्या धक्क्यावर डगमगत नाही.

पॉप-अपबद्दल, म्हणजे झोपलेल्या स्थितीतून झटकन उभं राहण्याबद्दल, सगळेच विचारतात. बरगड्यांशेजारी तळवे टेकायचे, एका दमात अंग उचलायचं, पुढचा पाय दोन हातांच्या मधोमध आणायचा, गुडघे वाकलेले, नजर समोर. डावा पाय आपोआप पुढे येत असेल तर तुम्ही रेग्युलर, उजवा येत असेल तर गूफी. घरी चटईवर रोज थोडं केलं तरी हे अंगात भिनतं. माझं मत असं की पॉप-अपचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं आणि पॅडलिंगचं फारच कमी. समुद्रातला बहुतेक वेळ पोटावर झोपून हात मारण्यात जातो. फार पुढे झोपलात तर बोर्डचं नाक बुडतं. फार मागे झोपलात तर नाक वर करून बोर्ड नुसता पाणी ढकलत राहतो. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहील, ती आपली जागा. ती सापडली की तेवढ्याच कष्टात बोर्ड सुळकन पुढे जातो.

आणि भरती-ओहोटीचा अभ्यास करा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट-दीडपट उरली की लाट फुटते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला एकाच किनाऱ्यावर लाट फुटण्याची जागा वेगळी. गावातल्या मच्छीमारांशी गप्पा मारा, त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळत नाही.

नदीमुखी

धाग्याबद्दल आभार. मी पुण्याची, चाळिशी ओलांडल्यावर मुल्कीला शिकले. मंगळूरच्या उत्तरेला, शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात तिथलं हे गाव. भारतातल्या अगदी पहिल्या सर्फ क्लबांपैकी एक इथला. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धाही झाली होती.

माझा टप्पा फेसातून हिरव्या लाटेवर जाण्याचा. हिरवी म्हणजे अजून न फुटलेली. फेसात लाट तुम्हाला ढकलते, तुम्ही फक्त उठायचं. हिरव्या लाटेचं तसं नाही. तिचा वेग गाठायला तुम्हाला आधीच धावतं व्हावं लागतं. बोर्डची शेपटी उचलली गेली की नवशिक्याचे हात थांबतात आणि लाट खालून निघून जाते. आमचे प्रशिक्षक नेमक्या त्याच क्षणी ओरडायचे, "अजून दोन हात!" छाती बोर्डला दाबून ते दोन हात मारले की बोर्ड उतारावर घसरायला लागतो. त्या घसरण्याची जाणीव आल्याशिवाय उठायचंच नाही, हा नियम मी अजून पाळते.

दुसरी गोष्ट दिशेची. लाट जिथे सगळ्यात उंच आणि उभी असते तो तिचा माथा. तिथून ती ज्या बाजूला उतरत जाते तो खांदा. सरळ किनाऱ्याकडे तोंड करून निघालात तर क्षणात सपाट पाण्यावर पोचता, मागून फेस येतो आणि संपलं. पॅडल करतानाच नाक थोडं खांद्याकडे वळवायचं आणि उठताना नजरही तिकडेच ठेवायची. मग लाट फुटत फुटत तुमच्या मागून येते आणि तुम्ही तिच्या न फुटलेल्या भिंतीवरून आडवे जाता. लाटेच्या बाजूच्या कडेवर थोडा भार दिला की बोर्ड भिंत धरून राहतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पाण्यातच मोठ्याने हसले होते. गुडघे, वय, सगळ्या शंका त्या लाटेवर राहिल्या.

एक सुचवते. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर बसून निवांत लाटा बघा. सेट (मोठ्या लाटांचा घोळका) किती वेळाने येतात, कुठे फुटतात, कोणत्या बाजूला सोलत, म्हणजे क्रमाने फुटत, जातात. मुलं थेट धावत सुटतात, आपण बघायला शिकायचं.

वेंगुर्लेकर

नदीमुखी ताई, किती छान लिहिलंत. मला अनुभव नाही, प्रश्न आहे. लेक अकरा वर्षांची आहे, शिकायचं म्हणते. तिला पोहायला येतं, पण समुद्राच्या ओढीची भीती वाटते.

खारा वारा

भीती रास्त आहे. जिथे लाटा फुटतात तिथे किनाऱ्याला आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच, आणि ते अरुंद पट्ट्यातून वेगाने जातं. आजूबाजूला फेस आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, गढूळ दिसत असेल तर तो सुरक्षित वाटतो, पण तीच ओढ असण्याची शक्यता जास्त. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ सुटली की फेसाबरोबर परत यायचं. लीश (बोर्डला जोडलेली दोरी) पायाला बांधलेली हवीच. पडताना डोक्यावर हात आणि सपाट पडायचं, सूर मारायचा नाही. मुलीला हे आधी वाळूवर बोलून घेऊ द्या. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर तिला अजिबात उतरवू नका.

उलटी बाजू

मी बॉटम टर्नबद्दल, म्हणजे लाटेच्या तळाशी घेतलेल्या वळणाबद्दल लिहितो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

वेलिगामाचा उपसागर वाळूचा आणि सौम्य, तिथे मी आडवं जायला शिकलो. तिथून थोड्याच अंतरावर मिदिगामा. तिथे खडकावर फुटणाऱ्या लाटा आहेत, त्यातली लेझी लेफ्ट ही लांबलचक डावी लाट (किनाऱ्याकडे तोंड केलं तर डाव्या हाताला जाणारी). मी रेग्युलर, म्हणजे डाव्या लाटेवर माझी पाठ लाटेकडे. समोर भिंत दिसतच नाही, सगळं खांद्यावरून मागे बघून करायचं.

लाटेवरून खाली येताना सर्वांत जास्त वेग तळाशी असतो. नवशिका त्या वेगाने घाबरून आधीच वळतो आणि लाटेच्या मधोमध अडकतो. तिथे वळायला वेगही नाही आणि जागाही नाही. तळापर्यंत उतरायचं, गुडघे खोल वाकवायचे, टाचांवर भार देऊन बोर्डची कड पाण्यात रुतवायची, डावा खांदा उघडायचा आणि लाटेच्या ओठाकडे, म्हणजे फुटायला आलेल्या वरच्या कडेकडे बघायचं. नजर जिथे, तिथे डोकं, मग खांदे, मग कंबर, आणि शेवटी बोर्ड. सायकलवर वळताना आपण हँडलकडे बघत नाही, तसंच. उजव्या लाटेवर हेच चवड्यांवर भार देऊन होतं आणि भिंत समोर दिसते, म्हणून तिथे ते लवकर जमतं. मागचा हात पाण्याला हलका लागला तर समजायचं की आपण पुरेसे खाली वाकलो आहोत.

श्रीलंकेत जाणार असाल तर ऋतू लक्षात ठेवा. दक्षिण किनारा नोव्हेंबर ते एप्रिल. पूर्वेचा अरुगम बे साधारण मे ते सप्टेंबर. उलटं गेलात तर पैसे वाया.

थंड पाणी

सांताक्रूझ, कॅलिफोर्नियाहून. मूळ ठाण्याचा. या गावाला सर्फिंगचा मोठा वारसा आहे. १८८५ मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी इथे सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची ही सर्फिंगची पहिली नोंद मानतात. पाणी बारमाही थंड, रबरी वेटसूटशिवाय उतरणं नाही. कौल्स ही नवशिक्यांची मऊ लाट आणि तिला लागूनच स्टीमर लेन, जिथे जगातले उत्तम लोक उतरतात. एकाच कड्यावर उभं राहून पहिला आणि शेवटचा टप्पा बघता येतो.

मला कटबॅक हवा होता. त्याचं कारण आधी सांगतो, कारण कारण कळलं की हालचाल आपोआप अर्धी कळते. लाटेची ताकद फेसाच्या अगदी पुढच्या कुशीत असते. आडवं जाता जाता आपण खांद्यावर खूप पुढे निघून जातो, उतार संपतो, बोर्ड मंदावतो. मग परत ताकदीकडे वळावं लागतं. तो कटबॅक. दिसायला देखणा आहे, पण मुळात ती गरज आहे. कटबॅक छान दिसावा म्हणून नको तिथे मारला की लाट तिथेच हातची जाते.

आता तो कसा. बॉटम टर्नने वेग घेऊन भिंतीच्या वरच्या भागात यायचं. वेग असतानाच, मंदावल्यावर नाही, डोकं मागच्या फेसाकडे वळवायचं. पुढचा हात उघडतो, खांदा त्याच्यामागे जातो, भार टाचांकडे जातो (हे उजव्या लाटेवर रेग्युलर माणसासाठी, पाठ लाटेकडे असेल तर चवड्यांकडे). मग धीर धरायचा. कड पाण्यात धरून ठेवायची आणि बोर्डला कमान पूर्ण करू द्यायची. मागच्या पायाने शेपटी झटकली तर बोर्ड फिरतो, पण वेग मरतो. मी फार काळ झटकत होतो. प्लेझर पॉइंटला कड्यावरून रस्ता जातो, तिथून बायकोने व्हिडिओ काढला तेव्हा ते स्वच्छ दिसलं. त्यानंतर एक हिवाळाभर मी रिकाम्या पार्किंगमध्ये सर्फस्केटवर (सर्फबोर्डसारखा वळणारा स्केटबोर्ड) फक्त ती एक कमान केली. वसंतात पाण्यात ती आली. पुढचा टप्पा राउंडहाउस: मागे वळून थेट फेसापर्यंत जायचं, त्यावर आदळून पुन्हा पुढे वळायचं, आठचा आकडा पुरा. तो मला कधी जमतो, कधी नाही.

बाहेर पोचण्याबद्दलही लिहायला हवं. छोटा बोर्ड असेल तर डक डाइव्ह: नाक दाबून, गुडघ्याने शेपटी दाबून लाटेखालून जायचं. मोठा बोर्ड बुडत नाही, त्यावर टर्टल रोल: कडा घट्ट धरून उलटं व्हायचं, लाट वरून जाऊ द्यायची. आणि शिष्टाचार. माथ्याच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. त्याच्यासमोर लाटेत उतरायचं नाही. गर्दीच्या ठिकाणी कोणत्याही वळणाआधी, हालचालीआधी हा नियम यायला हवा.

पूर्वकिनारा

चेन्नईत नोकरी, त्यामुळे कोवलम आणि महाबलीपुरम. या किनाऱ्याची खासियत अशी की दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा खडकाळ टोकांना वळसा घालून उत्तरेकडे सोलत जातात, म्हणून इथे चांगल्या उजव्या लाटा मिळतात. इथल्या सर्वोत्तम सर्फर्सपैकी अनेक जण मच्छीमार कुटुंबांतले. लाट कुठे उठणार हे ते वाऱ्यावरून सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली आणि भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. फार अभिमान वाटला.

मी सध्या फ्लोटरवर आहे. पुढचा भाग अचानक फुटला तर रस्ता बंद होतो. तेव्हा त्या फुटणाऱ्या ओठावरच चढायचं, बोर्ड सपाट ठेवायचा, अंग हलकं ठेवायचं आणि ओठाबरोबर खाली उतरायचं. उतरताना गुडघे मऊ हवेत, नाहीतर धक्का पाठीला बसतो. स्नॅप याच्या उलट स्वभावाचा: ओठाजवळ मागच्या पायावर जोर देऊन क्षणात दिशा बदलायची.

स्पर्धेत प्रत्येक लाटेला १० पैकी गुण आणि सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज. वेग, ताकद, ओघ, विविधता बघतात. दोन हालचाली गुळगुळीत जोडणारा तुटक चार करणाऱ्याच्या पुढे जाऊ शकतो, आणि मला ते न्याय्य वाटतं. ट्यूब, म्हणजे ओठ पुढे वळून पडताना लाटेत तयार होणारी पोकळी, मात्र आपल्याकडे क्वचितच. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ताहितीच्या तेआहूपोला सगळा खेळ ट्यूबचाच होता, कारण खोल समुद्रातून आलेली लाट तिथे एकदम उथळ प्रवाळावर चढते.

लांब फळी

सिडनीहून थोडंसं. वरचा टप्पा म्हणजे छोटा बोर्ड असंच सगळे धरून चालतात. तसं मुळीच नाही. फ्रेशवॉटर किनाऱ्यावर १९१४-१५ च्या उन्हाळ्यात हवाईच्या ड्यूक कहानामोकूने लांब लाकडी फळीवर प्रात्यक्षिक दाखवलं. त्याचा पुतळा तिथल्या टेकाडावर आहे. मी नऊ फुटी लाँगबोर्डच चालवते. पाय एकापुढे एक टाकत नाकापर्यंत चालत जायचं. सरकत नाही, चालत! एका पायाची बोटं नाकावर आली तर हँग फाइव्ह, दोन्हींची आली तर हँग टेन. शेपटीवर लाटेचं पाणी दाबून बसलेलं असेल तेव्हाच नाक तुमचं वजन पेलतं, म्हणून आधी बोर्ड भिंतीवर वर आणि कुशीच्या जवळ आणायचा, मगच चालायला लागायचं. परतीची पावलंही तेवढीच महत्त्वाची.

वेंगुर्लेकर

सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: फोमच्या बोर्डवरून छोट्या बोर्डवर कधी जायचं?

खारा वारा

तिला सांगा, हिरवी लाट स्वतः निवडून, कुणी ढकलल्याशिवाय, दोन्ही बाजूंना आडवी नेता यायला लागली की. तेव्हाही एकदम खाली उडी नको. मोठ्यांसाठी साधारण साडेसात फुटी फनबोर्ड मधली पायरी आहे. तिच्या वजनाला सात फुटांच्या आसपासचा पुरेल, पण लांबीपेक्षा बोर्ड किती लिटरचा (म्हणजे किती आकारमानाचा) आहे ते विचारा. छोट्या बोर्डवर लाटाच पकडता आल्या नाहीत तर वळण्याचा सराव होणार कसा? मांद्र्याला येणार असाल तर ऑक्टोबर सरता सरता या, सकाळी लवकर, वारा समुद्राकडून सुटायच्या आत. मी बहुतेक पाण्यातच असेन.