प्रतिसाद: खांब जाड केला की सुरक्षित होत नाही

वर एकाने लिहिलंय की रस्त्याकडेच्या पाटीचा खांब जाड पाइपाचा घ्या आणि काँक्रीटमध्ये खोल गाडा म्हणजे धडकेत पडणार नाही, पण अहो, तो पडायलाच हवा! गाडी जागच्या जागी थांबली तर सगळा झटका आतल्या माणसांना बसतो, पाटी काय, दुसरी लावता येते.

म्हणून स्लिप बेस वापरतात. खांबाच्या खालच्या टोकाला एक प्लेट, जमिनीतल्या बुंध्याला दुसरी, दोन्हींना कडेला खाचा आणि त्यात बोल्ट, धडक बसली की बोल्ट खाचेतून निसटतात आणि खांब सुटतो. यात बोल्ट किती आवळायचे ते ठरलेलं असतं आणि गडबड नेमकी तिथेच होते, कारण मजबूत म्हणून कोणी जोर लावून आवळले तर प्लेटा सरकतच नाहीत, आणि ढिले ठेवले तर वाऱ्याने हलून हलून खांब आपोआप सुटतो. देखभालवाल्यांना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) द्याच, अंदाजाने आवळू देऊ नका.

मागे राहिलेला बुंधा १०० मिमीपेक्षा उंच नको, नाहीतर गाडीच्या पोटाला अडकतो. उतारावर हे मोजताना लोक हमखास चुकतात.

आणि टेस्ट फक्त जोरातल्या धडकेची नसते, अमेरिकेतल्या मॅशमध्ये (रस्त्याकडेच्या सामानाच्या धडक-चाचण्यांची नियमावली) ११०० किलोची छोटी कार ताशी ३० किमीनेही आदळवतात, कारण कमी वेगात खांब सुटेलच असं नाही.

मोठ्या पाटीला दोन खांब असतील तर दोघांमधलं अंतरही बघा, गाडी एकाच वेळी दोन्हींवर आदळू शकते.