मुरबाडला डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट खत) मिळेना, भाताला स्फुरद (फॉस्फरस) कशातून द्यावं?

प्रश्न: लावणी तोंडावर आली. डीएपीच्या एका गोणीच्या बदली काय टाकू?

उत्तर १: ५० किलो डीएपीत ९ किलो नत्र (नायट्रोजन), २३ किलो स्फुरद. तेवढंच तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो युरियातून मिळतं. वर गंधकही येतं. सुपर शेवटच्या चिखलणीला (लावणीआधी खाचरात चिखल करताना) मातीत मिसळा. युरियात कालवून ठेवू मात्र नका, पाणी सुटून लगदा होतो.

प्रश्नकर्ता: २०:२०:०:१३ खत (नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांचे टक्के) चालेल?

उत्तर १: चालेल, दोन गोण्या लागतील. मग लावणीला वेगळा युरिया नको.

उत्तर २: चीन निर्यात आवळतो, जगभर मागणी चढलेली, डीएपीचा कच्चा माल असलेलं आपलं रॉक फॉस्फेटही बहुतेक बाहेरचं. त्यामुळे दरवर्षी डीएपीवर विसंबू नका, दादा. फुटवे (रोपाला नव्या काड्या) येताना द्यायचा युरिया खाचरातलं पाणी काढूनच टाका, नाहीतर बांधावरून वाहून जातो.