पुरात भिजलेलं कॉम्बो वेंडिंग मशीन: गारवा ठेवायचा की काढून टाकायचा?

विश्वामित्रीकाठचा
ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून बडोदा शहरात शिरली, तेव्हा हे मशीन सयाजीगंजातल्या एका ऑफिसच्या तळमजल्यावर गुडघाभर पाण्यात उभं होतं. तिथून ते मकरपुऱ्यात भंगारवाल्याच्या ताडपत्रीखाली गेलं. मी ६,५०० ला उचललं. टेम्पोचे १,२०० निराळे, आणि उतरवताना सहा जणांच्या कमरा गेल्या त्या निराळ्या. सध्या आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत जिन्याखाली उभं आहे आणि त्याच्यावरून समितीत दोन तट पडलेत. माझं मत ठरलेलं आहे, तुम्ही ते खोडून दाखवा.

कॉम्बो म्हणजे वेफर्स-बिस्किटं आणि गार कॅन-बाटल्या एकाच काचेच्या कपाटात. पाच ट्रे, प्रत्येकात आठ स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंगेमागे २४ व्होल्टची गिअरवाली छोटी मोटर. बटण दाबलं की स्प्रिंग एक फेरा घेते, फेरा पुरा झाला की मोटरीतला चिमुकला स्विच बोर्डाला सांगतो, बोर्ड करंट तोडतो आणि वस्तू खाली पडते. कॉम्प्रेसर तळाशी, म्हणजे पुरात आंघोळ त्यालाच झाली. मोटरी वर असल्यानं वाचल्या. ४० पैकी ३७ मी बाहेरून २४ व्होल्ट देऊन फिरवून पाहिल्या, मस्त फिरतात.

माझं म्हणणं: कॉम्प्रेसर, पंखा, कॉइल, नाण्यांचा डबा, सगळं काढा. मोटरींवर नवा बोर्ड बसवा, पैसे यूपीआयने घ्या आणि आत खायचं काही ठेवूच नका. पेन, रिफिल, ग्राफ पेपर, पट्ट्या, सेल, सॅनिटरी पॅड. रात्री साडेदहाला रिफिल संपलेल्या पोरानं जायचं कुठे?

खायचं का नको, तर वास. दोन दिवस दार सताड उघडं ठेवलं, फिनेल झालं, खायचा सोडा झाला. दार लावून सकाळी उघडलं की पुन्हा तोच गाळ नाकात. शेवटी आतला खालचा पत्रा खोलला, तर पत्रा आणि फोम यांच्यामध्ये बोटभर जाड राखाडी चिखल बसलेला. त्यात एक चमचाही सापडला. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्या मानानं चमच्यावर सुटलो.

जुनं_ते_सोनं
भाऊ, गारवा काढलात तर त्याला कॉम्बो कशाला म्हणायचं? मग ते काचेचं कपाट झालं. कॉम्प्रेसर पाण्यात बुडला म्हणजे मेला, हा गैरसमज आहे. तो वेल्डिंग करून बंद केलेला डबा असतो, आत पाणी जात नाही. जातं ते बाहेरच्या स्टार्टिंग रिलेत, ओव्हरलोडमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये आणि पंख्याच्या मोटरीत. हे चारही सुटे बदलता येतात. टर्मिनल पुसून, वाळवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावा. वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये एक मेगाओमच्या चांगलं वर आलं तर कॉम्प्रेसर जिवंत आहे. फोम कापून काढायचा आणि नवा भरायचा, एवढंच. मे महिन्यात बडोद्यात ४३ डिग्री असतं. तुमच्या अभ्यासिकेतली पोरं ग्राफ पेपर मागतील का गार पाणी?

विश्वामित्रीकाठचा
काका, मेगर लावला, पास आहे. पण पाटीवर काय लिहिलंय ते वाचा: ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. अमेरिकेचा माल आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येईल, पण आपल्याकडचे ५० हर्ट्झ मी कुठून बदलू? ५० वर त्याच मोटरीला ११५ दिले तर ती जास्त करंट ओढते आणि तापते. हिशेबानं ९६ व्होल्टच्या आसपास द्यायला हवेत, आणि तेवढ्यावर पंप सुद्धा सावकाश चालणार. जुना ट्रान्सफॉर्मर पाण्यातच होता, त्याच्या लॅमिनेशनमधून अजून गंजाचं पाणी ठिबकतंय.

जुनं_ते_सोनं
मग अख्खा कॉम्प्रेसरच आपला २३० वाला टाका, व्हिसी कूलरला, म्हणजे दुकानातल्या काचेच्या दाराच्या फ्रिजला, बसतो तसला. कॅपिलरी, म्हणजे गॅसची बारीक नळी, त्याला जुळवून घ्यायची, व्हॅक्यूम ओढून गॅस भरायचा. मी गेल्या वर्षी एका बेकरीच्या काचेच्या फ्रिजचं असंच काम करून घेतलं, नऊ हजारांत झालं. अजून चालू आहे.

हिशेबनीस
६,५०० चं मशीन आणि ९,००० चा गारवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय तसला कॉम्प्रेसर दिवसरात्र चालला की दिवसाला चार-पाच युनिट कुठे गेले नाहीत. बिल मंडळ भरणार, म्हणजे आम्ही वर्गणीदार. मागच्या गणपतीला मांडवाचं बिल पाहून अध्यक्ष दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

दांडियाबाजार
मशीन कशाला? उघडं कपाट ठेवा, शेजारी पैशांचा डबा ठेवा. आमच्या वाड्यात नारळ असेच विकले जायचे, कधी दमडी कमी भरली नाही.

मांडवीची_मावशी
दांडियाबाजार, तुमच्या वाड्यात सगळे एकमेकांच्या आईला ओळखत होते.

मला खटकलं ते दुसरंच. गारव्यावरून तुम्ही सगळे भांडताय, पण पैसे फक्त यूपीआयने हे कुणी ठरवलं? यादीत सॅनिटरी पॅड लिहिलेत, छान केलंत. आता सोळा वर्षांच्या मुलीकडे फोन असतो, पण खातं बऱ्याचदा बाबांचं. अभ्यासिकेच्या मशीनवर पैसे गेल्याचा मेसेज बाबांना जाणार, आणि रात्री जेवताना प्रश्न येणार, काय घेतलंस गं? त्यापेक्षा ती पॅड न घेता घरी जाईल. नाण्यांचा डबा काढून टाकलात तर पॅडची स्प्रिंगही काढून टाका.

हिशेबनीस
मावशी, मुद्दा बरोबर आहे. पण जुना डबा आपली नाणी ओळखणार कसा? आपलं पाचचं नाणंच घ्या. आधी जाड कप्रोनिकेलचं होतं, २००७ ला पातळ स्टीलचं आलं, मग पिवळं पितळी. डबा धातू आणि व्यास मोजतो, त्याचं डोकंच फिरेल. नोटांचंही तेच, २०१८ ला शंभराची नोट १५७ मिलिमीटरवरून १४२ झाली. मशीनवाल्यांनी रडायचं तरी किती?

विश्वामित्रीकाठचा
मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नाण्यांचा डबा परत आणतो.

फक्त जुना नाही. तो साधा अ‍ॅक्सेप्टर मिळतो ना, ज्यात नमुन्याचं एक नाणं अडकवून ठेवायचं आणि तसंच नाणं आलं तरच तो घेतो, बाकीचं परत टाकतो. त्यात दहाचं लावतो. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं होतं की दहाची १४ प्रकारची नाणी चालतात. पण वेगळी आहेत ती चित्रं. व्यास २७ मिलिमीटर, मधला भाग पांढरा आणि कडा पिवळी, हे सगळ्यांचं एकच. सुट्टे परत देणार नाही, म्हणून प्रत्येक वस्तू दहा, वीस किंवा तीसला. रिफिल दहाला दोन. पॅड रोखीनेही आणि यूपीआयनेही.

मांडवीची_मावशी
आणि पॅडची स्प्रिंग काचेच्या मधोमध नको. खालच्या कोपऱ्यात, कागदी पाकिटात.

मेगरवाला
उशिरा आलो, दोन गोष्टी सांगून जातो.

यूपीआयसाठी किराणा दुकानातला छापील क्यूआर चिकटवू नका. पैसे आले हे मशीनला कळणार कसं? पोरं कालचा स्क्रीनशॉट कॅमेऱ्यापुढे नाचवतील. प्रत्येक खरेदीला रकमेसकट नवा क्यूआर स्क्रीनवर यायला हवा, आणि पैसे जमा झाल्याचा निरोप सर्व्हरकडून थेट बोर्डाला. वायफाय मधेच गेलं तर पैसे परत कसे जाणार, हे आधी ठरवा, नाहीतर अध्यक्ष पुन्हा दोन दिवस गप्प.

दुसरं, खाली वस्तू पडते तिथे इन्फ्रारेडचा पडदा लावा. फेरा झाला पण काही पडलं नाही तर स्प्रिंग अजून थोडी फिरवायची. पातळ ग्राफ पेपर हमखास लटकतो, त्याला पुठ्ठ्याची पाठ द्या.

बोर्ड कोणता लावताय?

विश्वामित्रीकाठचा
ईएसपी३२, वायफायवाला छोटा कंट्रोलर. ट्रे म्हणजे रांग, ट्रेतली जागा म्हणजे कॉलम. आठ कॉलमना एक यूएलएन२८०३ ही स्विचिंगची चिप, पाच रांगांना पाच मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. १३ तारांत ४० मोटरी.

मेगरवाला
त्या चिपच्या एका पायाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. स्प्रिंग अडली की मोटर त्याच्या वर जाते आणि चिप जळते. कॉलमनाही मॉस्फेटच लावा आणि प्रत्येकाला फ्यूज.

विश्वामित्रीकाठचा
बदलले. काल रात्री पहिल्यांदा पूर्ण चालवलं, तर भूत लागल्यासारखं वागलं. सी-४, म्हणजे सी ट्रेतली चौथी स्प्रिंग, दाबलं की सी-४ नीट फिरतं, पण त्याच वेळी सी-३ आणि डी-४ हळूहळू वळवळतात, आणि डी-३ चक्क उलटं फिरतं. पट्टी बाहेर यायच्या ऐवजी आत निघाली होती. तारा तीनदा तपासल्या.

जुनं_ते_सोनं
तारा नका शोधू. डी-३ चा डायोड, करंट एकाच दिशेला जाऊ देणारा तो भाग, शॉर्ट आहे. करंट सी-३ मधून जातो, डी-३ मधून उलटा, मग डी-४ मधून चौथ्या कॉलमला. २४ व्होल्ट तिघांत वाटले गेले म्हणून हळू फिरतात. ट्रे ओढा, त्या मोटरीचं मागचं झाकण उघडा.

विश्वामित्रीकाठचा
अगदी तोच निघाला. दोन रुपयांचा डायोड. बदलला, भूत गेलं.

काका, तुमचा कॉम्प्रेसर काढून जिन्यात ठेवलाय. मेगर पास आहे. घेऊन जा, टेम्पो तुमचा.