सहलीतील गोल्फ : दुपारच्या सवलतीबद्दल शुक्रवारपर्यंत मत कळवावे

सहल समिती :
सर्व सभासदांना नमस्कार. रिसॉर्टने आपल्या चार चौकड्यांसाठी (प्रत्येकीत चार खेळाडू) टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची वेळ, राखून ठेवला असून शुक्रवारी सायंकाळपर्यंत होकार न कळवल्यास तो इतरांना दिला जाईल. सकाळी पूर्ण ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे शुल्क) आहे, तर दुपारी २ पासून लागू होणाऱ्या ट्वायलाइट दरात ती जवळपास निम्मी होते. मागच्या सहलीनंतर खर्चाबद्दल आलेली पत्रे लक्षात घेता समितीचा कल दुपारकडे आहे. हरकत असल्यास कारणासह कळवावी.

नाना :
माझी हरकत आहे, आणि ती दराबद्दल नसून उजेडाबद्दल आहे. चार जणांना १८ होल, म्हणजे पूर्ण मैदान, खेळायला चार ते साडेचार तास लागतात. रिसॉर्टच्या मैदानावर तर बरेच खेळाडू प्रथमच आलेले असतात, त्यामुळे अधिकच. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडल्यास आपली शेवटची चौकडी अडीच वाजता निघेल, आणि सहलीच्या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाला आहे. ट्वायलाइट दरात सगळे होल पूर्ण होण्याची हमी नसते व राहिलेल्या होलचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. एका सहलीत मी अशाच शेवटच्या चौकडीत होतो. पंधराव्या होलनंतर चेंडू कुठे पडतो हेच दिसेना, आणि तळ्याकाठचा जो शेवटचा होल पाहून आम्ही ते मैदान निवडले होते, तो खेळताच आला नाही.

शिवाय, ग्रीनच्या (होलच्या छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या भागाच्या) एअरेशनची तारीख विचारली आहे का? घट्ट झालेली माती मोकळी करून मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनमधून मातीच्या बारीक कांड्या काढतात आणि वर वाळू पसरतात. हे काम गवतासाठी अत्यावश्यक आहे, परंतु पुढचे काही दिवस पट केलेला (छिद्राकडे हलकेच ढकललेला) चेंडू उड्या घेत जातो, आणि म्हणूनच त्या काळात दर उतरवलेला असू शकतो.

वहिनी :
नाना, वेळ चौकड्यांमुळे जाते असे आपण म्हणता, पण माझ्या मते ती चुकीच्या टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) खेळल्याने जाते. ‘टी इट फॉरवर्ड’ ही मोहीम २०११ पासून हेच सांगत आली आहे की ज्याचा फटका जेवढा लांब जातो, तेवढ्याच लांबीचे मैदान त्याने खेळावे. स्लोप रेटिंगसुद्धा (कुशल खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला मैदान किती कठीण जाते याचा आकडा) प्रत्येक टीचे वेगळे असते : ५५ ते १५५ या पट्ट्यात ११३ हा आकडा प्रमाण मानतात, त्यामुळे एकच मैदान मागच्या टीवरून कठोर आणि पुढच्या टीवरून सुखद वाटू शकते. पुढची टी केवळ महिलांची, ही समजूत आपल्या मंडळाने आता सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोबत स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देण्याची पद्धत, ठेवावी. पारला (होलसाठी ठरलेले फटके) २ गुण, बोगीला (एक फटका जास्त) १ आणि बर्डीला (एक फटका कमी) ३. गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते. नवख्या खेळाडूला एका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दहा फटके मारावे लागत नाहीत आणि मागची चौकडीही ताटकळत नाही.

खजिनदार :
अनामत रकमेचा निर्णय कार्यकारिणीच्या संमतीने खजिनदाराने करायचा असतो, याची नम्र आठवण करून देतो. होकार देण्यापूर्वी दरात कार्टचे (मैदानावर फिरण्याच्या छोट्या गाडीचे) भाडे धरले आहे का, आणि कार्ट घेणे सक्तीचे आहे का, हे लेखी मिळावे. पावसानंतर अनेकदा कार्ट फक्त तिच्यासाठीच्या रस्त्यावरूनच नेऊ देतात. तेव्हा भाडे तेच राहते आणि चालणे मात्र वाढते. दोघांत गोल्फच्या काठ्यांचा एक भाड्याचा संच वापरण्याची सूचनाही आली आहे. अनेक मैदाने त्याला परवानगी देत नाहीत, त्यामुळे अंदाजपत्रकात प्रत्येकी एक संच धरावा.

नाना :
वहिनींची स्टेबलफोर्डची सूचना मला मान्य आहे, पण हँडिकॅपचे (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या जादा फटक्यांच्या सवलतीचे) काय करायचे? २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत कमाल मर्यादा ५४ आहे. ज्यांचा अधिकृत हँडिकॅप नाही, त्यांना तीच मर्यादा द्यावी, म्हणजे प्रत्येक होलवर तीन फटक्यांची सवलत मिळेल. नियमित खेळणाऱ्यांना हे अति वाटेल, तरीही सहलीतल्या खेळात पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या नावावर गुण लागणे मला महत्त्वाचे वाटते. चेंडू शोधण्याची मर्यादा मात्र तीन मिनिटांचीच ठेवावी. २०१९ च्या नियमांनी ती पाचावरून तीनवर आणली, ते योग्यच झाले.

सहल समिती :
आज सकाळी रिसॉर्टशी बोलणे झाले. एअरेशन आपल्या तारखेच्या एक महिना आधी होणार आहे, त्यामुळे ग्रीन तोपर्यंत भरून आलेली असतील. सकाळ आणि ट्वायलाइट यांच्या मधला एक दर असतो, जो आपण विचारल्यावरच त्यांनी सांगितला. त्या दरात साडेबारा ते एक या वेळेत चारही चौकड्या निघू शकतात आणि पाच तास लागले तरी खेळ उजेडात संपतो. कार्ट त्यात समाविष्ट असून खजिनदारांना लेखी उत्तर पाठवले आहे. त्यांची संमती येताच होकार कळवू. प्रत्येकाने आपली टी आणि भाड्याचा संच हवा की नको हे उद्यापर्यंत कळवावे. डावखुऱ्या सभासदांनी तसा स्पष्ट उल्लेख करावा, कारण त्यांच्यासाठीचे संच तेथे मोजकेच आहेत.