सिनेटने जाब विचारायचा तरी कोणाला?

ओसरीवरचा (धागाकर्ता):
मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची, म्हणजे अधिसभेची, पदवीधर गटातली निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये ऐनवेळी स्थगित झाली, ती झाली सप्टेंबर 2024 मध्ये. 2018 सारख्याच दहाच्या दहा जागा युवासेनेला. गुलाल उधळून झाला, पण पुढे काय? 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे सिनेट अर्थसंकल्प मंजूर करते, वर्षातून किमान दोनदा भरते. रोजचा कारभार मात्र व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिचे अध्यक्ष खुद्द कुलगुरू. म्हणजे ज्यांना जाब विचारायचा, तेच अध्यक्षस्थानी! तरीही पदवीधरांचे हे दहा जण हवेतच. सिनेटवरच्या प्राध्यापकाची बढती, संस्थाचालकाच्या कॉलेजची संलग्नता विद्यापीठात अडकलेली असते. या दहांचं तिथे काही अडकलेलं नसतं.

निवृत्त मास्तर:
विद्यापीठात नसेल, पक्षात असतं ना! यातल्या अनेकांचा डोळा पुढच्या तिकिटावर. मतदार होते जेमतेम 13 हजार, आणि नोंदणीचे अर्ज पदवीधर भरतात की पक्षाच्या शाखेतली पोरं, हे काय मी सांगायला हवं? बैठकीत दुपारपर्यंत स्थगन प्रस्ताव, मग घोषणा, सभात्याग. जेवणानंतर अर्थसंकल्पाचं ते जाडजूड पुस्तक पानं न उलटताच मंजूर. 2017 आठवा. उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन (संगणकावरच्या) तपासणीच्या घोळात निकाल रखडले. 31 जुलैची मुदत राज्यपालांनी, म्हणजे विद्यापीठाच्या कुलपतींनी घातली आणि ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुखांना हटवलं तेही राज्यपालांनीच.

ओसरीवरचा:
मास्तर, तेव्हा निवडून आलेली सिनेट होतीच कुठे? जुनीची मुदत संपलेली, नवीन आली 2018 मध्ये. तपासणीची घाई चालली होती तेव्हा भर सभेत ‘आधी चाचणी घेतली का’ असं विचारणारं कोणी नव्हतं. राज्यपाल आले ते सगळं विस्कटल्यावर.

कोकणकडा:
आणि राज्यपाल काय आकाशातून पडतात? डिसेंबर 2021 मध्ये मविआ सरकारने मंत्र्याला प्र-कुलपती (कुलपतींच्या खालोखालचं पद) करायचं विधेयक आणलं, पुढच्या सरकारने ते मागे घेतलं. भांडण कुलगुरू कोणाचा यावर, विद्यापीठाच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं काय झालं हे दोन्ही सरकारांनी विचारलं नाही.

निवृत्त मास्तर:
ओसरीवरचे, चाचणीचं मान्य. पण तो प्रश्न विचारायला परीक्षा विभागातलं कळणारा माणूस लागतो. तुमच्या दहांत असा कोण आहे, तेवढं सांगा.

ओसरीवरचा:
कळणारे शिक्षक गटात आहेत की! ते गप्प का बसतात, हे तुम्ही सांगा.